टेक्सस की कॅलिफोर्निया: बंदूक बाळगणाऱ्याने काय पाहावं?
टेक्ससमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, कायद्याने अपात्र नसेल तर २१ वर्षं पूर्ण झालेल्या माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल जवळ बाळगून बाहेर फिरता येतं. कॅलिफोर्नियात परवाना लागतोच. २०२४ पासून नव्या अर्जदाराला किमान १६ तासांचं प्रशिक्षणही घ्यावं लागतं, आणि ही अट मला मनापासून पटते. टेक्ससहून तिकडे राहायला जाणाऱ्यांनी विशेष जपावं: ६० दिवसांत आपल्या बंदुकांची माहिती राज्याला कळवायची, दहाहून जास्त गोळ्यांचं मॅगझिन (बंदुकीचा गोळ्या भरायचा कप्पा) न्यायचंच नाही.

मोकळीक टेक्ससमध्ये जास्त. पण भरलेली बंदूक सतरा वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागेल अशी ठेवणं तिथेही गुन्हाच आहे. टेक्ससमध्येही ऐच्छिक परवाना मिळतो. तो इतर बऱ्याच राज्यांत चालतो, म्हणून काढून ठेवावाच.