एक्सेलमधले आकडे आणि सोसायटीचा हिशेब: नऊ महिन्यांनंतर

सोसायटीचा खजिनदार झाल्यापासून, म्हणजे गेले नऊ महिने, सगळा हिशेब मी एक्सेलवर ठेवतोय. त्यात सर्वांत जास्त वेळ गेला तो ‘फॉर्मॅट सेल्स’ या एका खिडकीत, म्हणजे चौकटीतला आकडा कसा दिसावा ते ठरवतात तिथे. कंट्रोल आणि १ दाबलं की ती उघडते.

सुरुवात स्वल्पविरामापासून. सिंकिंग फंडाचे (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी साठवलेल्या पैशांचे) साडेबारा लाख १,२५०,००० असे दिसायचे आणि सभेत ज्येष्ठ मंडळी बोटाने शून्यं मोजायची. म्हणून त्याच खिडकीतल्या ‘कस्टम’ या पर्यायात हा कोड टाकला:

[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0

लाख-कोटी जागेवर आले. पण अशा कोडात अटी दोनच बसतात, त्यामुळे उणे अडीच लाख पुन्हा -२५०,०००! शेवटी विंडोजच्या रीजन सेटिंगमध्ये जाऊन डिजिट ग्रुपिंगच (अंकांचे गट पाडायची पद्धत) बदललं आणि साधा स्वल्पविरामाचा फॉर्मॅट ठेवला. उणे रकमाही सुधारल्या. मात्र ही सोय त्या कॉम्प्युटरपुरतीच. ऑडिटरांकडे फाइल उघडली की त्यांच्या सेटिंगप्रमाणे दिसते, म्हणून सोबत पीडीएफ पाठवतो.

खरा घोळ टँकरच्या बिलात झाला. ४,००० रुपये तीन विंगमध्ये वाटले, दशांश लपवले. प्रत्येकीसमोर १,३३३ आणि खाली बेरीज ४,०००. एका काकांनी कागदावर बेरीज केली, ३,९९९ आली, आणि एक रुपया कुठे गेला म्हणून अर्धा तास चर्चा. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं. फॉर्मॅट फक्त दिसणं बदलतो, आत १,३३३.३३३… तसाच राहतो. आता वाटणी राउंड फंक्शनने करतो आणि उरलेला रुपया एका विंगवर उघडपणे दाखवतो. ‘प्रिसिजन ॲज डिस्प्लेड’ हा पर्यायही आहे, पण तो लपलेले दशांश कायमचे कापून टाकतो. हिशेबाच्या फाइलमध्ये तो मी वापरणार नाही.

खाते क्रमांकाने तर धडकीच भरवली. एक्सेल पंधराच अंक सांभाळतं. प्लंबरचा सोळा अंकी क्रमांक टाइप केला, शेवटच्या ७ चा ० झाला आणि पैसे परत आले. नंतर फॉर्मॅट बदलून तो ७ परत येत नाही. कॉलमचा फॉर्मॅट आधी ‘टेक्स्ट’ (आकडा नव्हे, मजकूर) करायचा, क्रमांक मग टाकायचा. चेक नंबरचं सोपं आहे: कस्टममध्ये सहा शून्यं दिली की ४२१७ चा ००४२१७ दिसतो.

पुढच्या खजिनदारासाठी कोरी फाइल तयार ठेवली आहे. त्यात खाते क्रमांकाचा कॉलम आधीच टेक्स्ट केलेला आहे.