डायनाबीड्स एम-२८० स्ट्रेप्टॅव्हिडिन: बीड उत्तम, पण धुण्यात कसूर नको

सीरममधलं किंवा सेल कल्चरच्या मीडियातलं (पेशी वाढवायच्या द्रवातलं) एखादं प्रथिन चुंबकी बीड्सवर (बारीक मण्यांवर) पकडून मोजायचं असेल, तर इन्व्हिट्रोजेन कंपनीच्या या एम-२८० बीड्सपासून सुरुवात करावी, असं आमचं मत. यांच्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन असतं, आणि ते बायोटिन या जीवनसत्त्वाला घट्ट धरतं. २.८ मायक्रोमीटरचे, तांबूस-तपकिरी, आणि आकाराने अगदी एकसारखे. नॉर्वेच्या ट्रॉन्डहाइममध्ये यॉन उगेलस्टाड यांनी १९७०च्या दशकात एकाच मापाचे पॉलिस्टायरीन कण बनवले, त्यांचाच हा वंश. माप एकच असल्याने प्लेटच्या विहिरीविहिरीत (खळग्या-खळग्यात) फरक कमी पडतो. लोहाचं ऑक्साइड बारीक कणांच्या रूपात आत असल्यामुळे चुंबक बाजूला केला की चुंबकत्व उरत नाही आणि बीड्स पुन्हा सुटे होतात.

हिशेब सोपा आहे. व्हायलमध्ये (छोट्या बाटलीत) मिलिलिटरला १० मिग्रॅ बीड्स असतात आणि १ मिग्रॅ बीड्सवर साधारण १० मायक्रोग्रॅम बायोटिन लावलेली अँटिबॉडी (हवं ते प्रथिन ओळखून पकडणारं प्रथिन) बसते. म्हणजे एका विहिरीच्या १० मायक्रोलिटरमध्ये साठ-सत्तर लाख बीड्स आले, आणि त्यांना १ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी पुरते. २ मिलिलिटरच्या व्हायलमध्ये अशा २०० विहिरी निघतात.

वापरण्याआधी व्हायल अर्धा मिनिट व्हॉर्टेक्स करा (यंत्रावर जोरात हलवा). हे बीड्स पटकन खाली बसतात. न हलवता पिपेट केलं तर पहिल्या विहिरीत पाणी आणि शेवटच्या विहिरीत गाळ, मग स्टँडर्ड कर्व्ह (माहीत असलेल्या प्रमाणांचा आलेख) कसला जुळतोय! लागेल तेवढे बीड्स १ मिलिलिटर पीबीएसमध्ये (मिठाच्या बफर द्रावणात) घ्या, ट्यूब चुंबकी स्टँडला एक-दोन मिनिटं लावा, द्रव स्वच्छ दिसला की चुंबकाच्या विरुद्ध बाजूने ओढून घ्या. असं तीनदा. मूळ द्रवात सोडियम अझाइड असतं आणि ते एचआरपीला (शेवटी रंग आणणाऱ्या एन्झाइमला) मारतं; ते राहिलं तर रंगच येत नाही आणि दोष बिचाऱ्या अँटिबॉडीला मिळतो. मग अँटिबॉडी घालून रोटेटरवर अर्धा तास. बीड्स मात्र कोरडे पडू देऊ नका.

खरी गोम सुट्या बायोटिनमध्ये आहे. अँटिबॉडीला बायोटिन लावल्यावर उरलेलं डायलिसिसने किंवा डिसॉल्टिंग कॉलमने काढलं नाही, तर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा तेच अडवून बसतं. कल्चर मीडियांपैकी डीएमईएममध्ये बायोटिन नसतं, आरपीएमआय-१६४० मध्ये असतं. दुधाच्या पावडरीतही असतं, म्हणून ब्लॉकिंगला (मोकळ्या जागा झाकायला) ती नको, ०.१ टक्के बीएसए (गायीच्या सीरममधलं अल्ब्युमिन) आणि ०.०५ टक्के ट्वीन-२० (साबणासारखं द्रव्य) घ्या. अँटिबॉडी आधी बीड्सवर बसवून, धुऊन, मगच नमुना घातला तर हा त्रास बराच टळतो. सगळं एकदम मिसळणाऱ्या पद्धतीत तो टळत नाही. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्यांचे रक्ताचे रिपोर्ट चुकू शकतात, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध-नियामक संस्थेने २०१७ साली दिला, त्यामागचं कारण हेच.

दुसरी उणीव बॅकग्राउंडची, म्हणजे नको असलेल्या सिग्नलची. एम-२८०चा पृष्ठभाग पाण्याला फारसा धार्जिणा नाही, त्यामुळे सीरममधली नको ती प्रथिनंही चिकटतात. अँटिबॉडी न लावलेल्या बीड्सचा कंट्रोल प्रत्येक वेळी ठेवाच. शेवटच्या वॉशला ट्यूब बदला. भिंतीला चिकटलेलं एचआरपी फुकटचा सिग्नल देतं. टीएमबीचा (एचआरपीमुळे रंगणाऱ्या द्रव्याचा) निळा रंग आम्लाने पिवळा झाला की बीड्स चुंबकाने बाजूला करून फक्त द्रव नव्या प्लेटमध्ये न्या, मग ४५० नॅनोमीटरला वाचा. बीड्ससकट वाचलं तर ते प्रकाश विखुरतात आणि आकडा फुगतो.

पकडलेली अँटिबॉडी परत हवी असेल तर हे बीड्स घेऊ नका. बायोटिन-स्ट्रेप्टॅव्हिडिनची गाठ सौम्य उपायांनी सुटत नाही. नमुना थोडा आणि प्रथिन फारच कमी असेल तर १ मायक्रोमीटरचे मायवन बीड्स बघा. मिलिग्रॅममागे त्यांची क्षमता जास्त आहे आणि ते खाली सावकाश बसतात. व्हायल २ ते ८ अंशांवर, उभी ठेवा. फ्रीझरमध्ये ठेवू नका.