पेलेटची शेगडी, काळी काच आणि गेलेले ९०५ युरो

इटलीत, बेर्गामोजवळच्या एका गावात आमचं घर आहे. दगडी भिंतींचं जुनं घर, त्यामुळे हिवाळ्यात सगळी भिस्त बैठकीतल्या पेलेटच्या शेगडीवर. पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, करंगळीपेक्षा बारीक कांड्या. त्या १५ किलोच्या पिशव्यांत मिळतात. २०१७ साली घेतलेल्या या शेगडीने पाच हिवाळे काही त्रास दिला नव्हता. २०२२ च्या हिवाळ्यात मात्र आम्ही दोनदा फसलो, आणि दुसऱ्यांदा फसलो ते पहिली फसवणूक ओळखता आली नाही म्हणून. इथे युरोपात राहणाऱ्या आपल्या लोकांपैकी बऱ्याच जणांकडे आता अशा शेगड्या आहेत. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे.

त्या वर्षी युक्रेनचं युद्ध पेटलं, रशिया आणि बेलारूसहून येणारं लाकूड युरोपने बंद केलं, गॅस कडाडला आणि जो तो पेलेटच्या मागे लागला. आमच्या भागात पाच युरोच्या आसपास मिळणारी पिशवी सप्टेंबरात बारा युरोवर गेली. तेवढ्यात ओळखीतून एका विक्रेत्याचा नंबर मिळाला. पिशवी साडेसात युरोला, पण सत्तर पिशव्यांचा अख्खा ढीग घ्यायचा आणि पैसे आधी. नवऱ्याने ५२५ युरो दिले, त्यातले निम्मे रोख. पावती ‘पुढच्या आठवड्यात’ मिळणार होती. पिशव्यांवर एनप्लस ए१ चा, म्हणजे पेलेटच्या सर्वोत्तम दर्जाच्या प्रमाणपत्राचा शिक्का होता आणि तो बघूनच आम्ही निर्धास्त झालो. आमच्या लोम्बार्दी प्रांतात घरगुती, म्हणजे ३५ किलोवॅटपेक्षा लहान शेगडीत ए१ दर्जाचंच पेलेट जाळावं लागतं. म्हणजे शिक्का खोटा निघाला तर पैसे जातातच, शिवाय नियमभंगही आपल्याच माथी येतो.

नोव्हेंबरात शेगडी रोजची सुरू झाली आणि चौथ्या दिवशीच काच काळी पडली. शेगडीच्या काचेवर राख धरतेच, पण ती करडी, पिठासारखी असते आणि ओल्या कागदाने एका फेऱ्यात निघते. ही काजळी चिकट, डांबरासारखी होती. ज्योतही बदललेली. एरवी आखूड, चपळ, पिवळीधमक असायची, ती आता लांब, मंद, तांबूस आणि शेंड्याला काळी दिसायला लागली. माझी आई तेव्हा सांगलीहून आलेली होती. तिचं अर्धं आयुष्य भुशाच्या शेगडीवर गेलं. मधोमध बाटली उभी करून भुसा ठासायचा, बाटली अलगद काढायची आणि खालच्या भोकातून जाळ घालायचा. काच पाहून ती म्हणाली, “अगं, भुसा बघ आधी. ओला नाहीतर भेसळीचा असला की अशीच काजळी धरते.” मी तिला सांगितलं की हे यंत्र आहे, चूल नव्हे. तेव्हाच तिचं ऐकायला हवं होतं.

मी विक्रेत्याला फोन केला. तो गोड बोलला. पेलेट उत्तमच आहे, शेगडी बिघडली असणार, माझा माणूस पाठवतो, म्हणाला. माणूस दुसऱ्या दिवशी हजर. या दिवसांत इथे तंत्रज्ञासाठी दोन-तीन आठवडे थांबावं लागतं, त्यामुळे आम्हाला उलट उपकारच वाटले. त्याने काच पाहिली, मान हलवली आणि धूर ओढणारा पंखा निकामी झाल्याचं सांगितलं. मोटर बदलायची, ३८० युरो. मला मागाहून उमगलं ते हे, की पाऊण तास काम करूनही त्याने एकदाही पेलेटला हात लावला नाही, राख तपासली नाही, कोणतं पेलेट जाळता हे विचारलं नाही. ते त्याला ठाऊकच होतं.

दोन दिवस शेगडी बरी चालली. तिसऱ्या दिवशी काच पुन्हा काळी, आणि आता तर पेलेट जास्त जळूनही खोली गरम होईना. एका संध्याकाळी दार उघडलं तर धुराचा लोट अंगावर आला. त्या रात्री आम्ही शेगडी बंद केली.

शेजारच्या गल्लीत एक निवृत्त ‘फुमिस्ता’ राहतात. धुरांडी आणि शेगड्यांचं काम करणाऱ्याला इथे फुमिस्ता म्हणतात. ते आले आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, घरात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे का. नव्हता. तो आणल्याशिवाय काडी ओढायची नाही, असं त्यांनी बजावलं. जळण अर्धवट जळतं तेव्हा काजळीसोबत हा वायूही होतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि घरात लहान मूल आहे. हे वाचणाऱ्या प्रत्येकाला माझी कळकळीची विनंती आहे, ईएन ५०२९१ हा मानक क्रमांक लिहिलेला अलार्म आजच आणा.

मग त्यांनी माझ्यादेखत एकेक गोष्ट तपासली. दाराच्या फटीत नोट ठेवून दार लावलं आणि नोट ओढली. ती घट्ट बसली, म्हणजे दार हवाबंद ठेवणारी कडेची दोरी शाबूत. बाहेरची हवा आत घेणारा पाइप मोकळा होता. धुरांड्याच्या तळाचं झाकण काढलं तर आत काजळीचा थर, पण नळी बंद नव्हती. पेलेट जिथे जळतं ते भोकांचं लोखंडी भांडं मात्र त्यांनी उचलून माझ्यासमोर धरलं. तळाशी काचेसारखी वितळून घट्ट झालेली खंगरं होती आणि निम्मी भोकं बुजलेली. या भोकांतूनच ज्वाळेला खालून हवा मिळते. ती कोंडली की आग गुदमरते, आणि गुदमरलेल्या आगीचा धूर काचेवर बसतो. काच स्वच्छ ठेवणारा हवेचा पातळ झोत वरून वाहत असतो, पण एवढ्या धुरापुढे त्याचा टिकाव लागत नाही. चांगल्या लाकडाची राख भुकटीच राहते. साल, माती किंवा भलतंसलतं मिसळलेलं असलं की ती वितळून खंगर होते.

त्यानंतर त्यांनी पंखा बाहेर काढला. ‘नव्या’ मोटरवरच्या पट्टीवर वर्ष होतं २०१७. जुनीच मोटर पुसून परत बसवली होती. शेगडीच्या तंत्रज्ञांसाठी असलेल्या मेनूत जाऊन पंख्याचा वेग वाढवला होता आणि पेलेट पडण्याचं प्रमाण कमी केलं होतं. त्या माणसाने भांडं साफ केल्यामुळे आणि या आकड्यांमुळे दोन दिवस सगळं ठीक वाटलं. खोली थंड पडली कारण वाढलेला पंखा उष्णता धुरांड्यातून बाहेर फेकत होता, आणि ती थंडी घालवायला आम्ही शेगडी वरच्या पातळीवर चालवत राहिलो.

पेलेटची परीक्षा त्यांनी माझ्याच स्वयंपाकघरात घेतली. भांडंभर पाण्यात मूठभर कांड्या टाकल्या. चांगलं पेलेट घट्ट दाबलेलं असतं, ते तळाला जातं. आमच्या बऱ्याच कांड्या तरंगल्या. थोड्या वेळाने त्या सुटल्या तेव्हा लाकडाच्या भुशात निळसर, चकचकीत कण दिसले. मोडक्या फर्निचरचा भुगा, गोंद आणि वरच्या चकचकीत थरासकट! रंगवलेलं, चिकटवलेलं लाकूड ए१ मध्ये चालतच नाही.

शेवटी त्यांनी राख मोजायला लावली, आणि मला सगळ्यात पटली ती हीच परीक्षा. ए१ दर्जात राखेची मर्यादा ०.७ टक्के आहे, म्हणजे १५ किलोच्या पिशवीमागे फार तर १०५ ग्रॅम. शेगडी पूर्ण साफ करून, आकडे मूळचे करून, अलार्म लावून मी आमच्या दोन पिशव्या जाळल्या आणि गार झालेली राख कणकेच्या वजनकाट्यावर ठेवली. २१० ग्रॅमच्या आत असायला हवी होती, भरली ७८० ग्रॅम. पुन्हा साफसफाई केली आणि त्यांच्या घरच्या दोन पिशव्या जाळल्या. राख १६० ग्रॅम, काच करडी, ज्योत पिवळी. शेगडीत बिघाड कधी नव्हताच.

शिक्क्याचं पुढे कळलं. खऱ्या एनप्लसच्या चिन्हाखाली देशाची दोन अक्षरं आणि तीन आकड्यांचा क्रमांक असतो. तो क्रमांक एकाच कंपनीचा असतो आणि एनप्लसच्या संकेतस्थळावर कोणालाही शोधता येतो. मी शोधला तर तो भलत्याच देशातल्या भलत्याच कंपनीचा निघाला. पिशवीवर उत्पादकाचं नावही नव्हतं. ऑर्डर देण्याआधी एका पिशवीचा फोटो मागवून हे दोन मिनिटांत करता आलं असतं. विक्रेता फोटो द्यायला टाळाटाळ करत असेल, तर तिथेच थांबा.

विक्रेत्याचा फोन तेव्हापासून बंद आहे. आम्ही गुआर्दिया दि फिनान्झाकडे, म्हणजे इटलीच्या आर्थिक गुन्ह्यांच्या पोलीस दलाकडे तक्रार दिली. नकली शिक्क्यांचं पेलेट जप्त करण्याचं काम हेच दल करतं. तिथल्या अधिकाऱ्याने पहिली मागितली ती पावती, जी आमच्याकडे नव्हती. बँकेतून गेलेल्या निम्म्या रकमेचाच पुरावा आहे, रोख दिलेल्याचा काहीच नाही, आणि ३८० युरोही त्या माणसाने रोखच नेले. उरलेलं पेलेट पालिकेच्या कचरा केंद्रात पोचवलं. दोन न फोडलेल्या पिशव्या आणि त्या राखेची बरणी मात्र तारखेची चिठ्ठी चिकटवून तळघरात ठेवली आहे, कारण तपासासाठी नमुना लागेल असं अधिकाऱ्याने सांगितलं आहे.