फ्रीकॅड आणि लिनक्ससीएनसी: एका छोट्या मशीन शॉपमधला दीड वर्षाचा अनुभव

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत आमचे छोटे मशीन शॉप आहे. आजूबाजूच्या फाउंड्रींकडून येणाऱ्या कास्टिंगचे (ओतीव भागांचे) मशीनिंग, त्यासाठी लागणारी फिक्स्चर (भाग मशीनवर पक्का धरून ठेवणारी साधने) आणि अधूनमधून दुरुस्तीची सुटी कामे हा आमचा रोजचा धंदा. दोन व्हीएमसी (उभ्या कटरची संगणकनियंत्रित मशीन), एक जुनी सीएनसी मिलिंग आणि तीन साधे लेथ एवढ्या पसाऱ्यासाठी डिझाइनच्या आणि प्रोग्रॅमिंगच्या सॉफ्टवेअरचे भाडे आम्ही दर मार्चमध्ये, म्हणजे नेमकी बिले अडकलेली असताना, भरत आलो. एका वर्षी ते तीन आठवडे उशिरा भरले गेले आणि तेवढ्या काळात आमचीच सहा वर्षांची फिक्स्चरची ड्रॉइंग आम्हाला उघडता येईनात. त्या कंपनीचे नाव येथे घेण्याचे कारण नाही, कारण करारात सगळे स्पष्ट लिहिलेले होते आणि आम्ही ते वाचलेले नव्हते. पण त्या तीन आठवड्यांनंतर आम्ही मुक्त सॉफ्टवेअरकडे वळायचे ठरवले. पुढचे परीक्षण त्या बदलाचे आहे.

ड्रॉइंगसाठी आम्ही फ्रीकॅड हे त्रिमितीय डिझाइनचे मुक्त सॉफ्टवेअर घेतले. हा प्रकल्प २००२ पासून चालू आहे, मात्र त्याची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली. त्याआधी आम्ही दोनदा प्रयत्न करून ते सोडून दिले होते, आणि त्याचे कारण जाणकारांना ठाऊक असेलच. प्लेटच्या एका पृष्ठावर पॉकेट (खोलगट खाच) काढावे, मग पहिल्या स्केचमध्ये जाऊन एक भोक वाढवावे, की प्रोग्रॅम पृष्ठांना नव्याने क्रमांक देई. ‘फेस ६’ चा ‘फेस ९’ होई आणि पॉकेट भलत्याच बाजूला जाऊन बसे किंवा मॉडेलच्या पायऱ्यांच्या यादीभर चुकीच्या लाल खुणा उमटत. १.० मध्ये हा दोष बराचसा आटोक्यात आला आहे. पूर्ण गेला असे मी म्हणणार नाही. आजही आम्ही स्केच शक्यतो पृष्ठावर न टाकता डेटम प्लेनवर (वेगळ्या आखलेल्या स्थिर संदर्भ-प्रतलावर) टाकतो, आणि ती सवय मोडण्याची गरज वाटलेली नाही.

फ्रीकॅडमधली सर्वांत उपयोगी गोष्ट आम्हाला स्प्रेडशीट वाटली. पंपाच्या हाउसिंगचे फ्लँज आमच्याकडे वेगवेगळ्या मापांत येतात, पण फिक्स्चरची रचना तीच असते. भाग मध्यावर बसवणारा लोकेटिंग बॉस (उंचवटा), पीसीडीवरची (भोकांच्या केंद्रांतून जाणाऱ्या वर्तुळावरची) भोके, तीन क्लँप आणि खाली बेस प्लेट. बोअरचा व्यास, पीसीडी, भोकांची संख्या आणि प्लेटची जाडी एवढे चार आकडे स्प्रेडशीटच्या चौकटींत नावे देऊन ठेवले आणि स्केचमधली मापे त्या नावांना जोडली. आता नवे हाउसिंग आले की चार आकडे बदलायचे. ज्या कामाला पूर्वी दुपार जायची ते चहा येईपर्यंत होते. पैशाच्या सॉफ्टवेअरमध्येही ही सोय होतीच, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे; आम्ही ती कधी वापरली नव्हती एवढेच.

ग्राहकाकडून येणारी मॉडेल आम्ही स्टेप फाइलमध्येच (वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये चालणाऱ्या त्रिमितीय प्रकारात) मागवतो आणि ती विनातक्रार उघडतात. डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल, थेट उघडत नाही, वेगळा कन्व्हर्टर बसवावा लागतो. टेकड्रॉमध्ये (फ्रीकॅडच्या ड्रॉइंगच्या भागात) काढलेले कागदी ड्रॉइंग शॉप फ्लोअरसाठी पुरेसे आहे, पण भौमितिक टॉलरन्सच्या (आकार व जागेतल्या मान्य फरकाच्या) चौकटी सफाईने काढायच्या असतील तर ते कमी पडते आणि मोठ्या ग्राहकाच्या गुणवत्ता विभागाला तसे ड्रॉइंग पाठवायला मला संकोच वाटतो.

खरी परीक्षा झाली ती टूलपाथची, म्हणजे कटरने कोणत्या मार्गाने जायचे ते ठरवण्याची. १.० पासून या भागाला ‘कॅम’ म्हणतात, पूर्वी ‘पाथ’ म्हणत. फेसिंग, प्रोफाइल, पॉकेट, ड्रिलिंग, हेलिकल बोअर या कामांवर आता आमचा पूर्ण भरवसा आहे. पहिल्याच महिन्यात मात्र मी स्वतः एक चूक केली, आणि ती इतरांच्या उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहितो. टूल कंट्रोलर या सेटिंगमध्ये फीडच्या, म्हणजे कटर पुढे सरकण्याच्या वेगाच्या, रकान्यात मी नेहमीच्या सवयीने मिलिमीटर प्रति मिनिट समजून २५० टाकले. फ्रीकॅडची मूळ एककपद्धत मिलिमीटर प्रति सेकंद अशी असल्याने जी-कोडमध्ये (मशीनला दिल्या जाणाऱ्या आज्ञांमध्ये) एफ १५०००, म्हणजे मिनिटाला पंधरा मीटरचा फीड, बाहेर पडला. आमच्या मिस्त्रींनी प्रोग्रॅम मशीनच्या मेमरी कार्डावर घेण्याआधी वर-खाली नजर फिरवली, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “साहेब, कटर विमानात बसवलाय का?” झेडमध्ये शंभर मिलिमीटर वर उचलून केलेल्या ड्राय रनमध्येही (मटेरियल न कापता केलेल्या चाचणीत) ते कळलेच असते, पण तेवढ्यात माझी शोभा व्हायची ती झाली. पसंतीच्या खिडकीत एककांची ‘लहान भाग आणि सीएनसी’ ही पद्धत निवडली की फीड मिलिमीटर प्रति मिनिटात घेतला जातो. फ्रीकॅड बसवल्यावर पहिले काम हेच करावे.

आमच्या दोन्ही व्हीएमसींवर फानुक कंट्रोल आहे आणि त्यांना आम्ही हात लावलेला नाही. बदलले ते फक्त त्यांच्यासाठी प्रोग्रॅम लिहिणारे सॉफ्टवेअर. टूलपाथचे आपल्या मशीनला समजणाऱ्या जी-कोडमध्ये रूपांतर करणारा पोस्ट-प्रोसेसर ही साधी पायथन फाइल असते, ती कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. टूल बदलण्याआधी झेड वर पाठवण्याची ओळ आणि प्रत्येक टूलचे नाव कंसात छापण्याची ओळ आम्ही त्यात आमच्या पद्धतीने घातली. पूर्वी असा किरकोळ बदल करून घ्यायला विक्रेत्याला फोन करून त्याच्या माणसाची वाट पाहावी लागे. अडॅप्टिव्ह क्लिअरिंगचे (कटरवर सतत सारखा भार ठेवून मटेरियल काढण्याचे) टूलपाथ उत्तम निघतात, कार्बाइड एंडमिल टिकते, आवाजही एकसारखा येतो. पण तो सारा मार्ग लहान लहान सरळ तुकड्यांत लिहिला जात असल्याने फाइल फार लांबते आणि जुन्या कंट्रोलच्या मेमरीत मावत नाही. त्यामुळे रफिंगचे (सुरुवातीला जास्तीचे मटेरियल काढण्याचे) प्रोग्रॅम आम्ही थेट कार्डावरून चालवतो. सिम्युलेशनमध्ये मटेरियल कसे निघते ते दिसते, मात्र कटर धरणारा होल्डर क्लँपवर आदळेल अशी सूचना त्यातून मिळत नाही. ती काळजी अजून डोळ्यांनीच घ्यावी लागते.

लिनक्ससीएनसी, म्हणजे साध्या संगणकाला मशीनचा कंट्रोल बनवणारे मुक्त सॉफ्टवेअर, हा वेगळाच प्रकार आहे. आमच्या जुन्या मिलिंगच्या कंट्रोलचा पडदा गेला, सुटे भाग मिळेनात आणि मशीन भंगारात जाण्याच्या बेतात होते, वास्तविक त्याचे स्लाइड आणि बॉलस्क्रू धडधाकट होते. लिनक्ससीएनसीचे मूळ अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने १९९० च्या दशकात बनवलेल्या एका कंट्रोलरमध्ये आहे. हे डेबियन लिनक्सवर चालते आणि त्याला रिअल-टाइम कर्नल (ठरल्या क्षणी काम करणारा लिनक्सचा गाभा) लागतो, कारण दर मिलिसेकंदाला मोटरची जागा तपासून आज्ञा द्यायची असते आणि त्यात संगणकाला दुसऱ्या कामात रमून चालत नाही. म्हणून कोणताही संगणक विकत घेण्याआधी त्यावर लेटन्सी टेस्ट, म्हणजे आज्ञेला किती विलंब होतो याची चाचणी, चालवून पाहावी. जुन्या समांतर (प्रिंटरच्या) पोर्टवरून स्टेपर मोटर चालवायच्या असतील तर विलंब २० मायक्रोसेकंदांच्या आत हवा. आम्ही इथरनेटवरचे मेसा कार्ड घेतले. त्यात मोटर हलवणारे पल्स काढण्याचे काम कार्ड स्वतः करते आणि संगणकाबाबत थोडी सवलत मिळते. बाजारातून आणलेल्या पहिल्या जुन्या संगणकाचे आकडे वाईट आले. बायोसमध्ये वीजबचतीच्या सगळ्या सोयी बंद केल्यावर ते निम्म्याहून खाली उतरले.

वायरिंगपेक्षा जास्त वेळ गेला तो ट्यूनिंगमध्ये. वाय अक्षाची दिशा बदलली की फॉलोइंग एररने, म्हणजे अक्ष आज्ञेपेक्षा मागे पडल्याने, मशीन थांबे. हालस्कोप नावाच्या पडद्यावर आज्ञेची आणि प्रत्यक्ष जागेची अशा दोन रेषा एकावर एक दिसतात. दोन संध्याकाळी आम्ही त्या रेषांकडे बघत पीआयडीचे (मोटरची चूक सुधारण्याच्या सूत्राचे) आकडे बदलत बसलो, शेवटी दोष बेल्टच्या ढिलेपणात सापडला. बंद पेटीतल्या कंट्रोलने फक्त अलार्मचा क्रमांक दाखवला असता. आज त्या मशीनवर टॅपिंगही (भोकात आटे पाडणे) होते, कारण स्पिंडलला फिरण्याची नोंद ठेवणारा एन्कोडर बसवल्यावर जी३३.१ या आज्ञेने रिजिड टॅपिंग, म्हणजे स्पिंडल आणि फीड यांचा मेळ राखून टॅपिंग, करता येते. मर्यादा सांगायची तर, येथे दुरुस्तीला कोणी माणूस पाठवत नाही. ज्या दुकानात एकालाही वायरिंग आणि थोडीफार फाइल संपादण्याची आवड नाही, त्या दुकानाने चालू स्थितीतले मशीन यावर आणू नये.

लिनक्सची भीती माझ्या अंदाजापेक्षा लवकर गेली. आमच्या दोन आयटीआय झालेल्या मुलांनी मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पातले लिनक्सचे मराठी पाठ पाहिले आणि आठवड्याभरात ती फाइल कॉपी करणे, पेनड्राइव्ह काढणे असली कामे न विचारता करू लागली. अडचण झाली ती माझ्या वयाच्या लोकांची, कारण त्यांची बोटे जुन्या सॉफ्टवेअरच्या शॉर्टकटांवर बसलेली होती.

आता हिशेब. भाडे वाचले, पण पहिले तीन महिने प्रोग्रॅमिंगचा वेग जवळपास निम्मा होता आणि तो तोटा वहीत कुठेच लिहिला जात नाही. मोल्डचे वक्र पृष्ठभाग आणि पाच अक्षांचे काम फ्रीकॅडने करावे असे मी कोणाला सुचवणार नाही. पृष्ठभागाचे टूलपाथ त्यात अजून प्रायोगिक समजले जातात. तशी कामे वर्षातून चार-पाच येतात, ती आम्ही बाहेरून प्रोग्रॅम करून घेतो. प्लेट, फिक्स्चर, हाउसिंग, फ्लँज असले अडीच मितीचे (एकेका खोलीवर सपाट कापायचे) काम ज्यांच्याकडे ऐंशी-नव्वद टक्के आहे, त्यांनी जुने भाडे संपण्याच्या किमान चार महिने आधी सुरुवात करावी आणि जुन्या सगळ्या फाइल स्टेपमध्ये काढून ठेवाव्यात. आम्ही ते शेवटच्या पंधरा दिवसांत केले, त्यामुळे चाळीसेक ड्रॉइंग राहून गेली, आणि त्यातली फिक्स्चर आजही काम आले की रॅकवरून उतरवून व्हर्नियरने मोजावी लागतात.