पोस्टबायोटिक क्रीम : माहितीपत्रकातला दावा आणि वहीतले आकडे

गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापूरच्या कोरड्या हवेत माझ्या भाच्याच्या कोपरांच्या खाचांतला इसब इतका चिघळला, की सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसू लागले. डॉक्टरांच्या संमतीने, त्यांचे मलम चालू ठेवूनच, सात रस्त्याजवळच्या औषधाच्या दुकानातून एक पोस्टबायोटिक क्रीम आणले. पोस्टबायोटिक म्हणजे निर्जीव केलेले सूक्ष्मजीव किंवा त्यांचे घटक असलेले, शरीराला उपयोगी ठरणारे मिश्रण. क्रीम पटकन मुरते, चिकट राहत नाही, झोंबतही नाही. तक्रार आहे ती माहितीपत्रकाविषयी.

वापरणाऱ्यांपैकी किती जण समाधानी झाले, याची टक्केवारी त्यात ठळक छापली आहे. तुलनेसाठी साधे क्रीम लावलेला गट मात्र कुठेच नाही. इसब आपोआप कमी-जास्त होत असतो आणि नवे औषध आणले जाते ते तो सर्वांत बळावलेला असताना, त्यामुळे पुढच्या पंधरवड्यात काहीही न करता आकडा सरासरीकडे उतरण्याचीच शक्यता अधिक. संख्याशास्त्र शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला राहवले नाही. नाणे उडवून उजव्या कोपराला हे क्रीम आणि डाव्याला साधी पेट्रोलियम जेली ठरवली, आणि रोज रात्री खाजेला शून्य ते दहा गुण भाच्याकडूनच वहीत लिहून घेतले. सहा आठवड्यांत खाज दोन्हीकडे उतरली. दोन रकान्यांतली तफावत एका गुणापलीकडे गेली नाही. अर्थात ही एकाच मुलाची नोंद, शिवाय कोणत्या हाताला काय लावले हे वासावरून त्याला पहिल्याच दिवशी कळले होते.

एकत्रित पुरावा वाचतानाही हीच सावधगिरी लागते. जिवंत जिवाणूंच्या, म्हणजे प्रोबायोटिकच्या, ३९ चाचण्यांचा आढावा कोक्रेन या वैद्यकीय पुरावा पडताळणाऱ्या संस्थेकडून २०१८ मध्ये आला. त्यात इसबाची तीव्रता मोजणारा स्कोरॅड सरासरी सुमारे ४ गुणांनी कमी आढळला. रुग्णाला फरक जाणवायला मात्र १०३ पैकी ८.७ गुणांची घट लागते, असे मानले जाते. फरक योगायोगाचा नसणे आणि तो कातडीला जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पोस्टबायोटिकचे आढावे वाचताना तर पोटात घ्यायची पावडर आणि वरून लावायचे क्रीम एकाच सरासरीत कोंबले आहे का, हे आधी पाहावे.

मॉइश्चरायझर म्हणून क्रीमला पाचापैकी तीन गुण, माहितीपत्रकाला एक. ट्यूब संपल्यावर दोन्ही कोपरांना जेलीच सुरू केली आहे, आणि वही चालू आहे.