विरोधी बाजू नेमायची की आधी चिठ्ठी घ्यायची?

मोहोळ तालुक्यात सरपंच झालेली भाची परवा सोलापुरात आमच्याकडे आली. "मामा, पाण्याच्या टाकीच्या जागेचा ठराव दोन मिनिटांत एकमताने मंजूर झाला. सूचक, अनुमोदक, सह्या, झालं! आता जो तो आतून कुरकुरतोय. पुढच्या वेळी एकाला मुद्दाम विरोधी बाजू देऊ, की आधी चिठ्ठीवर मतं घेऊ?"

खर्च दोन्हींत नाहीच. वेळ चिठ्ठीला थोडा जास्त लागतो, पण खरा फरक पद्धत टिकण्यात आहे. 1973 च्या युद्धात इजिप्त-सीरियाच्या हल्ल्यापुढे बेसावध सापडल्यावर इस्रायलने लष्करी गुप्तवार्ता खात्यात उलट बाजू मांडणारा विभागच उभारला. त्याला अधिकार होता. गावात तोच माणूस तिसऱ्यांदा विरोध करायला उठला, की "ह्याचं नेहमीचंच" म्हणून कुणी ऐकत नाही.

चिठ्ठीत भीड आड येत नाही. 1961 मध्ये क्यूबावरच्या फसलेल्या स्वारीआधी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या सल्लागारांनी मनातल्या शंका दाबून ठेवल्या. 1962 मध्ये क्यूबातल्या सोव्हिएत क्षेपणास्त्रांच्या संकटात केनेडी काही बैठकांना मुद्दाम गेले नाहीत, म्हणजे माणसं मोकळी बोलतील. चिठ्ठी तेच काम करते. मात्र सात जणांच्या पंचायतीत अक्षर ओळखू येतं, म्हणून ती ग्रामसेवकाने नावाविना वाचावी, आणि तोवर सरपंचाने गप्प बसावं.

नेहमीच्या ठरावांना आणि वडीलधाऱ्या सदस्यांपुढे नवख्या सरपंचाला चिठ्ठीच बरी. जागा किंवा मोठं बांधकाम अशा मागे न फिरवता येणाऱ्या निर्णयाला चिठ्ठीनंतर विरोधी बाजूही द्यावी, दर वेळी वेगळ्या सदस्याला.