विरळ हवेवरचे दोन तोडगे: अँडीज आणि तिबेट

४००० मीटर उंचीवरही हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्केच असतो. पण हवेचा दाब घटल्यामुळे प्रत्येक श्वासात तो समुद्रसपाटीच्या जेमतेम ६० टक्के मिळतो.

दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेत राहणाऱ्यांच्या शरीराने काढलेला मार्ग सरळ आहे: तांबड्या पेशींमधलं, ऑक्सिजन वाहून नेणारं हिमोग्लोबिन वाढवा. काही आठवडे उंचावर राहिलो तर आपलंही शरीर हेच करतं. पण हाच उपाय कधी कधी अंगाशी येतो. तांबड्या पेशी फार झाल्या की रक्त दाट होतं, हृदयावर ताण येतो, डोकं ठणकतं, ओठ निळसर पडतात. पेरूचे डॉक्टर कार्लोस मोंगे यांनी १९२५ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून हा ‘मोंगेचा आजार’.

तिबेटी लोकांचं हिमोग्लोबिन त्याच उंचीवर बरंच कमी असतं. ते श्वास अधिक घेतात, शिवाय नायट्रिक ऑक्साइड भरपूर असल्याने रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्त जास्त प्रमाणात खेळतं. हिमोग्लोबिन कमी राहण्यामागच्या ‘ईपीएएस१’ जनुकाचं खास रूप तर डेनिसोव्हन या नामशेष मानवांकडून आलेलं! मला हाच तोडगा सरस वाटतो. मोंगेचा आजार तिबेटींमध्ये क्वचितच दिसतो.